भरदिवसा लावलेली कडी

त्या खोऱ्यात दिवसाच काय, रात्रीही कुणी दाराला कडी लावत नसे. खिंडीतून बर्फ तुडवत आलेला माणूस कुणाच्याही दारात कोसळेल, तेव्हा दार नुसतं ढकललं की उघडायला हवं, एवढाच त्यामागचा विचार. गावाचा इतिहासही तसाच साधा. रस्ता खोदायला मजूर आणले, अर्ध्यात काम गुंडाळून साहेबलोक निघून गेले आणि मजुरांना तो झरा, ते कुरण, ते दुपारचं ऊन सोडवेना. राहिले, झालं!

हे सगळं ताईनं धाकट्या भावाला सांगितलं होतं. ती शाली विणायची, तो शहरात पर्यटकांना फिरवायचा. आता आपल्याच गावाची सहल काढायची म्हणून तो महिनाभर तिच्या मागाशेजारी वही उघडून बसला. ताईला कोण आनंद! आजवर तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

त्याच भरात तिनं आईचंही सांगितलं. बाप घर सोडून गेला तेव्हा धाकटा पाळण्यात होता. दोन वर्षांनी बाप परतला, अंगणात उभा राहिला आणि आईनं भरदिवसा कडी लावली. गावात पहिल्यांदाच. दार ठोठावून ठोठावून तो आल्या वाटेनं गेला.

"सांगायचं असेल तर घडलं तसंच सांग," ताई म्हणाली. "आईच्या गोष्टीला तिखटमीठ नको."

"आईची शपथ," धाकटा म्हणाला.

पहिली मंडळी आली त्या सकाळी ताईनं अंगण दोनदा झाडलं. धाकटा रंगात आला होता. रस्त्यावरचे मजूर आता हरलेल्या राजाचे सरदार झाले होते. ताईला हसू आलं. पणजोबा सरदार होत असतील तर होऊ देत बापडे.

मग त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. "इथे एक बाई वीस वर्षं नवऱ्याची वाट बघत बसली. तो कधीच आला नाही. याच खिडकीशी तिनं प्राण सोडले."

मंडळींतल्या एका बाईनं डोळे पुसले.  ताईच्या पाठच्या भावानं केसानं गळा कापला होता, तोही आईचा.

तिनं त्याला बाजूला ओढलं. "अरे, तो आला होता!"

"ताई, समजून घे ना. दार लावून घेणारी बाई कुणाला आवडते? वाट बघणारीसाठी लोक खिंड ओलांडून येतात." मग हळूच म्हणाला, "आता जरा आत सरक. त्यांना खिडकी आतून बघायचीय."

ताई आत गेली. आईनंतर त्या कडीला कुणी हात लावला नव्हता. गंजली होती, दोन्ही हातांनी रेटावी लागली.

बाहेरून धाकट्यानं दार ढकललं, मग ठोठावलं. "ताई, काय हे! लोक बघतायत!"

"बघू देत," ती आतून म्हणाली. "बाप असाच उभा होता, तेही सांग त्यांना."