फडक्याखालची कळ

रविवारची प्रार्थना आटोपली की आमचं निम्मं गाव चर्चमधून थेट वेलिच्काबाईंच्या बैठकीच्या खोलीत लोटायचं. तिथं टेबलावर संगणक आणि त्याच्यापुढे काळ्या कोटातला स्पास. तो मेणबत्ती लावायचा, संगणकावर काळं फडकं टाकायचा आणि त्याखाली हात घालून पुटपुटायचा. फडकं काढलं की पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागे. इटलीत बसलेली वेलिच्काबाईंची लेक रादोस्तिना तो हलवत असे. बायका छातीवर क्रूस काढत. मेणबत्ती विझता विझता लाल चौकट उमटायची, कर्कश आवाज यायचा आणि बाण जागीच मरायचा.

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या गावात म्हातारेच उरलेत. पोरं परदेशात. रादोस्तिना इटलीतल्या बोलोन्या शहरात एका म्हातारीची सेवा करते. इकडे आईला काचबिंदू, नजर अंधुकशीच उरलेली. लेक तिथूनच आईच्या संगणकात शिरायची, इस्पितळाचे कागद वाचून दाखवायची, डोळ्यांचे थेंब मागवायची. मग संगणक बिघडला. तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या स्पासनं तो नीट केला आणि तेव्हापासून ही लाल चौकट सुरू झाली. ती वाचून दाखवली तीही स्पासनंच. तो म्हणाला, लेक बापाच्या मयतीला आली नाही, म्हणून बाप वाट अडवतोय.

"तारेतूनही मेलेल्याची नजर लागते, बाई," तो सांगायचा. "नजरेला कुठं पासपोर्ट लागतो?"

पैशाला तो शिवत नसे. कोंबड्या आणि डुकराच्या खारवलेल्या तंगड्यांना मात्र त्याची ना नव्हती. पुढे त्यानं सांगितलं, लेकीच्या थेंबांतही तीच नजर उतरलीय. ती येऊन बापाच्या थडग्यापुढे गुडघे टेकेपर्यंत थेंब मातीत ओता, माझं मंतरलेलं पाणी डोळ्यांत घाला. वेलिच्काबाईंनी ओतले. लेकीला वाईट वाटेल म्हणून तिला कळवलं नाही.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एक दिवस रादोस्तिनाचा फोन आला. रविवारी पडद्यावर बोलताना आई भलतीकडेच बघते, म्हणाली. तिला एक शंकाही होती. संगणकाचा पहारा करणारा प्रोग्रॅम तिला चोर समजून अडवतोय आणि दर रविवारी कुणीतरी तो तासभर थांबवतंय.

पुढच्या रविवारी स्पासनं फडक्याखाली हात घातला तसं मी त्याला म्हटलं, आज फडकं नको.

"हा विधी उघड्यावर जो पाहील त्याचे डोळे जातील, मास्तर," तो शांतपणे म्हणाला.

लोक भिंतीला टेकले. खुर्चीतून वेलिच्काबाई बोलल्या, "मग माझ्यासमोर काढ. माझे गेलेत."

हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी फडकं ओढलं. स्पासचा हात माऊसवरच होता. पडद्याच्या कोपऱ्यात ढालीचं चिन्ह, त्यावर उघडलेली यादी आणि तीत एक ओळ: 'संरक्षण एक तास थांबवा.' मेणबत्ती तेवढ्याच बेताची कापलेली. पहारा थांबवू दिला नाही, तशी लाल चौकट उमटली आणि मी ती मोठ्यानं वाचली. आपल्याच भाषेत लिहिलं होतं: 'बाहेरून कुणीतरी हा संगणक चालवू पाहत आहे. व्यक्ती ओळखीची असेल तरच परवानगी द्या.' मी रादोस्तिनाला फोन लावून तीच आहे ना याची खात्री केली आणि तेवढ्या एका प्रोग्रॅमला कायमची परवानगी दिली. पहारा चालू, मेणबत्ती नाही, मंत्र नाही, आणि बाण हलला.

स्पास कोट झटकून निघून गेला. शेजारची झ्द्राव्का एवढंच म्हणाली, "पण कळ दाबताना तो प्रार्थना म्हणत होता ना? म्हणूनच चालली असेल." बऱ्याच माना डोलल्या.

रादोस्तिना रजा काढून आली. डॉक्टर म्हणाले, थेंब चालू असते तर होती तेवढी नजर बहुधा टिकली असती. गेलेली परत येणार नाही. वेलिच्काबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते पाणी आता बंद केलं तर चालेल का?" लेक उठून बाहेर गेली.

पहारेकऱ्याची चूक नव्हती. अनोळखी हात अडवणं हेच त्याचं काम आणि का अडवलं तेही त्यानं लिहून दाखवलं. वाचायला कुणी पुढे झालं नाही, एवढंच. म्हणून सांगतो. यंत्र अडलं तर ते काय म्हणतंय ते स्वतः वाचा. दिसत नसेल तर एकाकडून नको, दोघांकडून वाचून घ्या. आणि जो माणूस झाकून दुरुस्ती करतो, त्याला आधी झाकण काढायला सांगा.