सुट्टीत लागलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. खरं तर गप्प बसणं हाच माझा धंदा. पण भर वैशाखात शाळेच्या दारावर नुसतं लटकत राहायचं म्हटलं, की कुलपालाही बोलावंसं वाटतं.

सोलापुरात हारूनचाचांच्या दुकानात खिळ्यांच्या डब्याशेजारी मी पडून होतो. दाक्षायणीचे वडील तिच्या लग्नातल्या पेटीसाठी कुलूप बघायला आले. चाचा मला पुसत म्हणाले, "घ्या मामा. पोरीला बाकी काय द्या, न द्या. स्वतःचं एक कुलूप द्या."

पेटीबरोबर मी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर तिच्या सासरी आलो. दुसऱ्याच दिवशी सासूबाई ईरम्मांनी पेटीकडं बघत विचारलं, आमच्यात काय चोर हाईत का? दाक्षायणी कमी बोलणारी. तिनं मला पेटीवरून काढलं. गावातल्या शाळेत ती नुकतीच बाई म्हणून लागली होती आणि तिथलं कुलूप गंजून बसलं होतं. मग मी तिथं लागलो. एक किल्ली बाईंकडं, दुसरी शाळा समितीचे अध्यक्ष उदयसिंह यांच्याकडं.

लोकांना वाटतं, कुलपाला बंद राहायला आवडतं. अहो, दिवसभर उघड्या अंगानं कोयंड्याला झुलत राहण्यासारखं सुख नाही. आत पाढे चाललेले असतात. त्यात सगळ्यांच्या पुढं धावणारा आवाज सोनमचा. मेंढपाळ बिरदेवची ही पोर. आत शिरताना मला टिचकी मारल्याशिवाय तिचं पाऊल उंबऱ्यावर पडायचं नाही.

दिवाळी झाली की बिरदेव मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन चाऱ्याच्या मुलखाला निघतो, तो चैत्रात बिरोबाच्या जत्रेला परततो. सोनम बरोबरच. म्हणजे सगळ्यांचं वर्ष उन्हाळ्यात संपतं, तिचं दिवाळीलाच.

थंडीत गावाची बैठक माझ्यासमोरच अंगणात भरली. पोरं मागं पडत्यात, शाळा वाढवायला पायजे, असं उदयसिंह म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी एक तास वाढवायचं ठरत आलं, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "दिवस वाढवण्यापेक्षा वर्ष थोडं वाढवलं तर? मेंढपाळांची पोरं उन्हाळ्यात गावातच असतात."

"उन्हाळ्यात?" कुणीतरी हसलं. "बाई, तुमाला म्हायेर न्हाय की काय?"

तास वाढला. ज्यांच्यासाठी वाढवला ती पोरं तेव्हा लांब कुठं तरी मेंढरांमागं होती. जी होती ती जादाच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसायची. बाई घरी उशिरा पोचू लागल्या, तेव्हा ईरम्मा शेजारणीला सांगू लागल्या, "आमची सून शाळंला नांदायला गेलीया."

चैत्रात सोनम परतली. उंच झाली होती, रापली होती. टिचकी मात्र तीच. आत वर्ग भागाकार संपवून पुढं गेला होता. ती अजून हातच्यातच अडकली होती. तिनं विचारलं, "बाई, आता शाळा किती दिस हाय?" बाईंनी फळा पुसायला घेतला.

सुट्टी लागली. मी बंद झालो. आणि दोन दिवसांनी सकाळी किल्ली फिरली! बाई आणि सोनम, दोघीच. मला वाटलं, वर्ष वाढलं.

थोडेच दिवस. मग उदयसिंह आले. माणूस वाईट नाही. रंगवलेल्या भिंतींवर आणि नव्या संगणकावर त्यांचा जीव. सुट्टीत शाळा उघडायची तर वरून परवानगी लागते, काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल, असं म्हणून त्यांनी किल्ली मागितली.

बाईंनी ती त्यांच्या हातावर ठेवली. "किल्ली न्या, दादा. कुलूप माझं आहे, तेवढं ध्यानात असू द्या."

उदयसिंह ओशाळं हसले. किल्ली मात्र घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सोनम आली, मला टिचकी मारली आणि पायरीवर बसली. मागोमाग बाई आल्या, पदरानं पायरी झाडून तिच्याशेजारी टेकल्या. खडूचा तुकडा होता, फरशीचा फळा झाला. आजही तसंच चालू आहे. माहेराहून फोन येतात. बाई म्हणतात, येते की, एवढा भागाकार होऊ दे. आता दार बंद आहे, शाळा चालू आहे. सुट्टीवर आहे तो मी एकटाच.

पण ऊन वर चढतं, सावली पायरीवरून मागं सरकते. दोघी सरकत सरकत दाराला पाठ टेकतात. सावली संपली की शाळा सुटते, गणित अर्धं टाकून. आणि माझ्या मागं, हातभर अंतरावर, गार खोली, पंखा आणि कोरा फळा नुसते पडून आहेत.

शाळा किती लांबवायची यावर तुम्ही खुशाल वाद घाला. पण त्याआधी एकदा उदयसिंहांच्या घरावरून जा. त्यांच्या ओसरीत खुंटीला किल्ली आहे. येताना तेवढी घेऊन याल का? सावली आता उंबऱ्याला आलीय.