लांब रेघ दमते

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. शाळेतल्या पाटीवरचं थुंकी लावून पुसता येतं. माझ्यावरचं पुसायला बावीस वर्षं ऊन, वारा आणि पाऊस झटले, त्यांनाही ते जमलं नाही. मी दुकानाची पाटी आहे. नऊ फूट लांब, दीड फूट उंच, पाठीला लाकडाची चौकट आणि पोटाला पत्रा. पिवळ्या जमिनीवर निळ्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं आहे, ‘येथे सायकल दुरुस्ती करून मिळेल’. एवढंच. ना फूल, ना नक्षी.

मला बोलायची फारशी सवय नाही. जे बोलायचं ते अंगावरच लिहिलेलं असल्यावर तोंड कशाला उघडायचं? पण नुकतंच माझ्या बाबतीत असं काही घडलं की पत्र्यालाही राग यावा. मला आला. अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

मला लिहिलं ताईनं. ताई म्हणजे पाटीवाली ताई. सगळा रस्ता तिला त्याच नावानं ओळखतो. तिचे वडील पाट्या रंगवायचे, ताई त्यांच्या हाताखाली शिकली आणि तिचा थोरला भाऊ चौकटी ठोकायला आणि पाट्या भिंतीवर चढवायला शिकला. ‘धाकटी लिहिते, थोरला टांगतो,’ असं वडील म्हणायचे. ताई उंचीनं कमी, म्हणून दादा तिला बुटकी म्हणतो. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून ती त्याला म्हणते, “आता बोल, बुटकं कोण?”

ताईनं एकटीनं लिहिलेली पहिली पाटी मी. त्या दिवशी वडील नुसते स्टुलावर बसून होते. ब्रशला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते पाळताना त्यांचे हात एकसारखे शिवशिवत होते. ताईनं दोऱ्याला खडू चोळला, माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला आणि टिचकी मारली. माझ्यावर पांढरी सरळ रेघ उमटली. शाळेत तुम्ही आधी अक्षरं काढता आणि मग डोक्यावर रेघ ओढता. आमच्या घरात उलटं. आधी रेघ, मग तिला अक्षरं लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.

पण ताईनं खडूच्या रेघेवरून ब्रश नेला नाही. टोकापासून निघाली, हळूहळू खडूच्या वर सरकत गेली, मधोमध बोटभर वर पोचली आणि तशीच हळूहळू उतरत दुसऱ्या टोकाला खडूला येऊन मिळाली. सगळं एका दमात. मग शब्दांच्या मधली जागा चिंधीनं पुसून घेतली.

याला त्यांच्या घरात ‘रेघ उचलणं’ म्हणतात. लांब रेघ अगदी सरळ ओढली आणि पाटी उंचावर टांगली, की खालून बघणाऱ्याला ती मधे झोळ आल्यासारखी दिसते. वडील म्हणायचे, “लांब रेघ दमते. तिला मधे उचलून धरावं लागतं.” बोटभर उचलली की रस्त्यावरून ती सरळ दिसते. किती उचलायची हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. पाटी किती लांब, किती उंच, माणूस किती दुरून बघणार, हे सगळं डोळ्यात धरून हातानं ठरवायचं असतं.

मला भिंतीवर चढवलं तेव्हा वडील रस्ता ओलांडून समोर गेले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि परत येऊन म्हणाले, “दमलेली नाही.” त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी कुणी ऐकलं नव्हतं. ताई शिडीवरून उतरायचीच विसरली.

पुढची वर्षं माझी मजेत गेली. माझ्याखाली हजारो पंक्चरं निघाली. वाट विचारणाऱ्याला लोक सांगू लागले, “ती पिवळी पाटी दिसते ना, तिथून डावीकडे.” शाळेत जाणारी एक मुलगी आईच्या हाताला लोंबकळत रोज मला वाचायची. ‘येथे’ला अडखळायची, ‘सायकल’ धडाधड म्हणायची आणि ‘दुरुस्ती’पाशी आईकडे बघायची. तिला ‘दुरुस्ती’ यायला एक महिना लागला. मला त्या महिन्याचा फार अभिमान आहे.

मग फ्लेक्स आले. एका टायरवाल्या कंपनीनं दुकानाला फ्लेक्स फुकट दिला. फुकट ते पौष्टिक, म्हणून दुकानाचे मालक असलेल्या सायकलवाल्या काकांनी तो सरळ माझ्या तोंडावर खिळे मारून ठोकला. त्या फ्लेक्सवर टायर हत्तीएवढा आणि काकांचं दुकान मुंगीएवढं होतं. दोन वर्षं मी त्याच्यामागे काळोखात काढली. ताई रस्त्यानं जायची तेव्हा वर बघायची नाही. मग ऊन लागून फ्लेक्स पांढरा पडला, वाऱ्यानं फाटला आणि एका सकाळी गटारात जाऊन पडला. मी होते तशीच होते. खिळ्यांची सहा भोकं तेवढी मिळाली. काका ओशाळून म्हणाले, “जुनं ते सोनं बाबा.” मला सोनं म्हणू नका, मी पत्रा आहे, पण खिळे मारण्याआधी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. पाट्या आणि फलक बनवणाऱ्यांचं एक मासिक निघतं. त्यात एरवी छापायच्या यंत्रांच्याच जाहिराती असतात. या वर्षी त्यांनी जाहीर केलं, हातानं लिहिलेल्या पाट्यांचा विशेषांक काढणार. निवडक बारा पाट्या, प्रत्येकीला एक पान, खाली लिहिणाऱ्याचं नाव. ताईनं ते वाचलं आणि दादाला म्हणाली, “सायकलची पाटी पाठवू या.”

मित्रांनो, तिला हे नुसतं हौसेनं नको होतं. तिच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली. त्यांचं स्वतःचं नाव कुठे छापून आलं नाही, आणि ते गेल्यावर त्यांच्या पाट्याही एकेक करून भंगारात गेल्या. रेघ उचलणारं आता कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती ताई. हात थकायच्या आत हे काम एकदा कागदावर नोंदलं जावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि इथेच दोघांनी घोडचूक केली. पाटी लिहिणारीच माणसं करतील अशी चूक. माझ्यासमोरून विजेच्या तारा जातात, फोटोत त्या आडव्या येतील, शिवाय अंगावर धूळ. म्हणून त्यांनी मला खाली उतरवलं. ताईनं साबणाच्या पाण्यानं मला असं घासलं की लग्नाला निघालेल्या मुलीलाही कुणी इतकं घासत नसेल. मग अंगणात मला भुईवर आडवी ठेवून दादानं स्टुलावर चढून फोटो काढला. ज्या पाटीची रेघ खालून बघण्यासाठी उचलली होती, तिचा फोटो वरून! इतक्या वर्षांत त्या दोघांनी मला रस्त्यावरूनच सरळ बघितलं होतं, त्यामुळे फोटोतही त्यांना मी सरळच दिसले. मायेचे डोळे असतातच तसे.

आठवड्यानं मासिकातून फोन आला. मी अजून ताईच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते आणि ताईनं फोन स्पीकरवर लावला होता, म्हणून शब्द न् शब्द ऐकला. संपादक मोठ्या उत्साहात होते.

“अभिनंदन! तुमची पाटी निवडली आहे. फक्त एक बारीकसं आहे. शिरोरेघ मधे जरा फुगली आहे. काही हरकत नाही, आमचा मुलगा कॉम्प्युटरवर सरळ करून टाकेल.”

“फुगलेली नाही. उचललेली आहे,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

ताईनं समजावून सांगितलं. संपादक ‘हो, हो’ करत राहिले, पण त्यांना काडीचंही कळलं नव्हतं. ती म्हणाली, “चूक आमची आहे. पाटी जागेवर लावून नवा फोटो पाठवते. दोन दिवस द्या.”

“आज संध्याकाळीच पानं छपाईला जातात, ताई. सरळ करू द्या, नाहीतर पान दुसऱ्याला द्यावं लागेल. तासाभरात कळवा.”

ताईनं फोन ठेवला. दादा म्हणाला, “अगं, बोटभराचा तर प्रश्न आहे. कोण बघणार आहे?”

“त्या बोटभरासाठी बाबांनी मला चार वर्षं नुसत्या रेघा ओढायला लावल्या.”

“नाव येईल तुझं, बुटके. पानभर.”

“नको मग. पान दुसऱ्याला जाऊ दे,” असं म्हणून ती ब्रश धुवायला निघून गेली. नळाचं पाणी बराच वेळ चालू होतं.

दादा माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं माझ्या रेघेवरून अंगठा फिरवला, मग फोन उचलला आणि हळू आवाजात म्हणाला, “मी तिचा भाऊ बोलतोय. करा सरळ. पण नाव नीट छापा, मोठं छापा.” मला ओरडावंसं वाटलं. मी पाटी आहे, मला तेवढं एकच वाक्य येतं.

अंक आला. ताईनं पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. रेघ पट्टीनं मारावी तशी सपाट होती. मधली रेघ खाली ओढल्यामुळे मधला शब्द चेपला गेला होता, आणि मधला शब्द होता ‘दुरुस्ती’. त्याची वेलांटी दारात डोकं आपटल्यासारखी बसली होती. खाली ताईचं नाव ठळक अक्षरांत होतं आणि त्याखाली छापलं होतं, ‘यंत्राला लाजवील अशी सरळ रेघ.’

ताईनं ते मोठ्यानं वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

“मीच हो म्हटलं,” दादा म्हणाला. “बाबांचं नाव कधी कुठे आलं नाही. तुझं तरी यावं असं वाटलं. रागाव हवं तर.”

“आलं ना नाव. पण कुणाच्या पाटीखाली? ही माझी नव्हे, दादा. ही कुणाचीच नव्हे.”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. बहिणीवर त्याचा जीव आहे. पण जीव असला म्हणून दुसऱ्याची रेघ खाली ओढायचा हक्क मिळत नाही, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन.

तुम्हाला वाटेल, ताई आता रडली असेल किंवा गप्प बसली असेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिनं पान अंकातून कापलं आणि मला घेऊन दोघं दुकानावर आली. दादानं मला पुन्हा जागेवर चढवलं. ताईनं दाराशेजारी, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं ते पान चिकटवलं आणि त्याखाली ब्रशनं लिहिलं, ‘हे माझं काम नाही. माझं काम वर आहे. मान वर करून बघा.’

काका घाबरले. “अगं पोरी, मासिकात नाव आलंय, आणि तूच नाही म्हणतेस? लोक हसतील.”

“हसू दे. हसताना वर तर बघतील,” ताई म्हणाली. मग ती दादाकडे वळली. “जा पलीकडे. बाबा उभे राहायचे तिथे.”

दादा रस्ता ओलांडून गेला. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या पहिल्या पाटीच्या दिवशी शिडी धरायच्या नादात तो तिथे गेलाच नव्हता, आणि पुढेही त्यानं मला बघितलं ते जाता-येताच, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो बघतच राहिला.

“कशी दिसते?” ताईनं ओरडून विचारलं.

“सरळ!” दादा भर रस्त्यात ओरडला. “सरळ आहे गं!”

तेव्हापासून लोक थांबतात. आधी पान बघतात, मग मला, मग पुन्हा पान. काही जण पलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघतात आणि आपसांत भांडतात. मध्यंतरी शेजारच्या गावातल्या दोन पाटीवाल्या आल्या, शिडी मागून घेऊन वर चढल्या आणि माझी उचललेली रेघ बोटानं मोजू लागल्या. ताईनं त्यांचे हात बाजूला केले. “मोजू नका. खाली उतरा आणि बघायला शिका.” दोघी रोज येतात आता. खडूच्या दोऱ्यानं रेघा मारतात आणि उचलतात. अजून त्यांच्या रेघा उंटाच्या पाठीसारख्या होतात, पण होतील चांगल्या.

मासिकाला ताईनं सगळं लिहून कळवलं. संपादकांचा फोन आला, पुढच्या अंकात कोपऱ्यात दिलगिरी छापतो म्हणाले. ताई म्हणाली, “कोपरा नको. माणूस पाठवा. इथे समोर उभा राहू दे, मग काय दिसतं ते छापा.” माणूस अजून आलेला नाही. संपादक रागावले असतील तर रागावोत. ताईनं अवाक्षर मागे घेतलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही रस्त्यावर माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यावर खिळे मारू नका. तिला धुवा, पुसा, तिच्या गंजलेल्या कडांना रंग लावा. आणि तिची रेघ तुम्हाला वाकडी दिसली, तर आधी ती ओढणाऱ्या बाईला विचारा, कुठून बघायची. ती सांगेल तिथे जाऊन उभे राहा. कदाचित तरीही ती वाकडीच दिसेल. मग खुशाल वाकडी म्हणा, मी मान्य करीन. पण भुईवर निजवून, वरून वाकून, माझं मोजमाप घ्याल तर ते मी मानणार नाही. मासिकवाले येवोत न येवोत, मी आता खाली उतरणार नाही.