झरीच्या चर्चमधला प्याला

मित्रांनो, मी एक जुना पितळी प्याला आहे. मानवतच्या एका कासाराकडून मी आलो. माझ्याबरोबरची भांडी पाण्याताकाला घरोघर गेली. माझ्या नशिबी झरीचे छोटे चर्च आले. तिथे महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन होई. माझ्यात द्राक्षाचा रस ओतत, पाळकसाहेब येशूच्या रक्ताचे नाव घेत आणि मी हातोहात फिरे. कापसाची गाठोडी सहज उचलणारे हात मला धरताना थरथरत. पहिल्या वेळी मीही भ्यालो होतो. एवढेसे माझे पोट, आणि त्यात केवढे भरले होते!

"मनात वैर धरून या प्याल्याला तोंड लावू नका," असे पाळकसाहेब दर वेळी बजावत.

आदल्या दिवशी मंडळीतल्या धुरपताबाई मला चिंचेने लख्ख घासत. पण रविवारी नुसते ओठ टेकवत, घोट घेत नसत. त्यांच्या जाऊ तानुबाईंच्या लेकीच्या, नीलमच्या लग्नात मानपानावरून बिनसले होते, तेव्हापासून दोघींत अबोला. आणि गंमत बघा, तानुबाईंचेही तेच! लोकांच्या डोळ्यांत दोघी धूळ फेकत, पण देवाला फसवायची एकीचीही छाती नव्हती. हे फक्त मला ठाऊक होते.

मग कोरोना आला. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला मिळाला आणि मी कपाटात काळा पडलो. देवाने मला टाकले, असे वाटे.

यंदा तानुबाई अंथरुणाला खिळल्या. प्रभुभोजन त्यांच्या घरी न्यायचे ठरले, तेव्हा पाळकसाहेबांनी मला घासायला धुरपताबाईंकडे दिले. त्यांनी घासले, आणि मला पदराखाली धरून पाळकसाहेबांच्या मागोमाग स्वतःच निघाल्या.

मी पुढे येताच तानुबाईंनी मान फिरवली.

"नगं, साहेब. इतकी वर्सं मी निस्ते ओठ लावले. मनात वैर हाय. देवाम्होरं कशी जाऊ? लय भेव वाटायलंय."

धुरपताबाई त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. "तानू, मी बी घोट घेतला न्हाई गं. चुकलं माझं."

"माझं बी चुकलं, आक्का."

पाळकसाहेबांनी मला धुरपताबाईंपुढे धरले. धुरपताबाईंनी मला घेऊन जावेच्या ओठांना लावले, मग स्वतः प्यायल्या.

"भेव गेलं का, तानू?"

"हाय की. पर आता एकटीला वाटंना."

त्याच आठवड्यात तानुबाई शांतपणे प्रभूकडे गेल्या.

मित्रांनो, देवाचे भय जरूर बाळगा, पण त्या भयाने त्याच्यापासून लांब राहू नका. रुसलेल्या माणसाकडे आधी जा. त्या दोघींनी इतकी वर्षे तहानेत काढली, आणि मी दर वेळी भरलेला त्यांच्या ओठांशी होतो.