घोंगड्याखाली सुरू होणारी मोटार

"देवीनं मोटारीचा जीव काढला रं!" रखमाजी भगत घुमत ओरडला, आणि बाजाराला पायी निघालेली तीस-चाळीस माणसं केरबाच्या मोटारीभोवती हात जोडून उभी राहिली.

बासष्ट साली आंदर मावळातल्या त्या गावांकडं जाणारी भाड्याची मोटार ही एकच. खिंडीतल्या देवीपुढं ती थांबायचीच. रीत अशी, की केरबानं इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं, भगतानं इंजिनाला अंगारा लावायचा, आणि तोवर सगळ्यांनी मोटारीकडं पाठ करून डोळे मिटायचे. कधी देवी खूश असायची, मोटार निघायची. कधी कोपायची, मोटार हलायची नाही. मग रखमाजी कोंबडं मागायचा, घोंगड्याखाली डोकं घालून इंजिनाशी मंत्र पुटपुटायचा, आणि मोटार सुरू! पंचक्रोशीत नुसता बोलबाला.

मी निवृत्ती, लोणावळ्याचा मेकॅनिक. आदल्याच दिवशी केरबाच्या गावी जाऊन मी ही मोटार नीट केली होती. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, पत्ती घालून त्यांची फट मोजली, प्लग साफ केले. पहिल्या झटक्याला सुरू होत होती. तिच्यातूनच आता तळेगावला निघालो होतो. पुढं माझ्याशेजारी केरबाच्या गावचा सावळा, मागच्या सीटवर त्याची बायको हिरी. रात्रीपासून अडलेली, कळा सोसत होती. शेजारी तिची आई चिमाबाई.

"केरबा, आज थांबू नको," मी म्हणालो होतो.

"आन देवी कोपली तर? बाई हाय मोटारीत, भाऊ!"

थांबलाच. मी हिरीसाठी झऱ्यावरून पाणी आणायला गेलो. परत येतो तर केरबा स्टार्टर मारतोय, इंजिन गरगर फिरतंय, पण पेटत नाही. रखमाजीनं बॉनेट लावून वर घोंगडंही टाकलं होतं.

"लाल तुऱ्याचं कोंबडं आना! न्हाईतर बाई सुटायची न्हाई!"

सावळा वाडीकडं पळाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, इंजिन काय कोंबडं खातं? काढा ते घोंगडं, मला बघू द्या!"

केरबा आडवा झाला. "हात लावू नगा, भाऊ. कोप व्हईल."

चिमाबाईनं तर माझे पाय धरले. "माज्या लेकीच्या जिवावर उठू नगा वो!"

आता काय कपाळ फोडून घ्यायचं? तासभर मी घसा फोडत होतो, चाळीस माणसं माझ्याकडं वेडा म्हणून बघत होती, आणि हिरी ओठ चावत होती.

शेवटी तीच बोलली. "बॉनेट उघडं व्हतं तवा आत खटखट वाजलं. दोनदा. डबा उघडल्यावानी."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. केरबाला ढकललं, घोंगडं भिरकावलं, बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना करंट वाटणारा डबाच; त्याच्या टोपीला दोन क्लिपा असतात. त्या काढून टोपी उचलली. आत रोटर नाही!

"रखमाजी, अंगाऱ्याची पिशवी दे."

"पाप्या! मुका व्हशील!"

"होऊ दे!" मी पिशवी हिसकावली. राखेत बरबटलेला अंगठ्याएवढा तुकडा हाताला लागला.

"हा बघा देवीनं काढलेला जीव! हा आत फिरतो आणि एकेका प्लगला पाळीपाळीनं करंट वाटतो. हा नसला की पेट्रोलला ठिणगी नाही. तुम्ही डोळे मिटले की हा काढतो, कोंबडं मिळालं की घोंगड्याखाली परत बसवतो!"

केरबाचं तोंड उतरलं. "ह्यो आदी घाटात ट्रकवर किलीनर व्हता," तो पुटपुटला.

म्हणजे रखमाजीला इंजिन कळतं, हे केरबाला ठाऊक होतं! तरी कधी मनात आलं नाही. याला काय म्हणावं?

रोटर पुसून बसवला. पहिल्या झटक्याला मोटार सुरू. गर्दीतला एक जण ओरडला, "देवीच्या नावानं चांगभलं!" मी त्याच्यावर असा खेकसलो, की तो मागं सरकला.

तळेगावच्या दवाखान्यात हिरी वाचली. मूल गेलं. "तासभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. तो तास आम्ही कोंबड्यावर घालवला होता.

लोकहो, देवीला नमस्कार खुशाल करा, मी अडवत नाही. पण जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्यापुढं ते उघडे ठेवा. जे झाकून ठेवलंय, ते उघडून बघा. मोटार अडली तर मेकॅनिकला बोलवा, बाई अडली तर डॉक्टरकडं न्या. मधे घोंगडं कशाला?

रखमाजी पळाला, पण खिंडीत मोटार अजून थांबते. रीत मोडवत नाही म्हणे. सगळे देवीकडं तोंड करून डोळे मिटतात. हिरी बाजाराला निघालेली असली, तर ती तेवढी देवीपुढं जात नाही. मोटारीपाशी, बॉनेटवर हात दाबून उभी राहते.

परवा कुणीतरी म्हणालं, "हिरे, डोळं मीट की."

"त्या दिशी समद्यांनी मिटलं व्हतं," ती म्हणाली. "माजं प्वार गेलं."