कडेचा तुकडा

ओस्मारने विचारलं तर राहायचं, नाही विचारलं तर निघायचं, असं मी त्या रविवारी सकाळी केस विंचरतानाच ठरवून टाकलं होतं. विचारायचं तरी काय, तर एवढंच, "तुला कुठला तुकडा हवा?" आमच्या लग्नाला त्या दिवशी पंचेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या नवऱ्याने हा प्रश्न शेजाऱ्यांना विचारला, मुलांना विचारला, गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा आग्रहाने बसवून घेऊन विचारला. मला नाही विचारला.

ज्यांच्या अंगणात दर रविवारी निखारे पेटतात, त्यांना हे समजावून सांगायला नको. मांस भाजायच्या जाळीपाशी पुरुष उभा राहतो. मीठ कधी घालायचं, मांस कधी उलटायचं आणि कुणाच्या ताटात काय पडणार, हे तोच ठरवतो. बायका लेट्यूस धुतात, टोमॅटो चिरतात, ब्रेड कापतात आणि सगळ्यांच्या शेवटी टेकतात. आता गाईच्या कुशीच्या मांसाचा मोठा तुकडा घ्या. मधे जाड, रसरशीत, आतून गुलाबी. पण टोकाकडे तो पातळ होत जातो, आणि मधला भाग भाजून व्हायच्या आत तिथलं नुसतं चामडं होतं. ते टोक माझं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी ते माझ्या ताटात टाकलं. मी नवी नवरी, काय बोलणार? मुकाट्याने खाल्लं. पुढे सासरे वारले, चिमटा ओस्मारच्या हाती आला, पण माझा तुकडा काही बदलला नाही. होता होता घरात असं ठरूनच गेलं, की नीदियाला कडक भाजलेलंच आवडतं.

ओस्मार वाईट माणूस नाही. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसली आहे. त्याने कधी हात उगारला नाही, दारू पिऊन तमाशे केले नाहीत, कापणी यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवला. आणि तुकड्याचं म्हणाल, तर बिचाऱ्याला माहीतच नाही, असं मी स्वतःला सांगत आले. राग आला की हेच वाक्य. 'बिचाऱ्याला माहीत नाही.' त्या एका वाक्यावर मी संसार ओढला असं म्हटलं तरी चालेल.

माझी धाकटी बहीण देलिया नेकोचेयाला समुद्राजवळ एकटी राहते. तिला सगळं ठाऊक.

"अगं, सांग ना मग त्याला! तोंड दिलंय ना देवाने?" ती फोनवर करवादायची. "बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात."

"सांगून मिळालं तर त्यात काय राहिलं? त्याने विचारायला हवं."

"मग बस चावत. नाहीतर ये इकडे, खोली रिकामीच आहे."

खोली कायम रिकामीच असायची. या खेपेला मी पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक जाड गाऊन कोंबला.

मुलांनी आम्हाला त्रेस अरोयोसमधल्या सगळ्यात जुन्या हॉटेलात नेलं. आत शिरताच समोर भलीमोठी भट्टी, तिच्यावर मांस भाजणारा जाडजूड माणूस, आणि धूर असा की कोट महिनाभर वास विसरणार नाही. आमचा मुलगा फाबियान दारातूनच ओरडला, "आज बाबाला सुट्टी! आज बाबाने विस्तवाकडे बघायचंसुद्धा नाही!"

आईला सुट्टी, असं कुणी म्हणालं नाही. मला कशाची सुट्टी देणार? मी तर फक्त कोशिंबीर करते.

सिल्विना, आमची मुलगी, तिचा नवा मित्र घेऊन आली होती. एसेकियेल नावाचा, राजधानीतला, केस तेल लावल्यासारखे चापून बसवलेले. ओळख होऊन महिना झाला नव्हता आणि आज आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जेवायला. असो.

ओस्मार खुर्चीत जेमतेम दोन मिनिटं बसला असेल. मग उठला आणि भट्टीपाशी गेला. आमच्याकडचा कुठलाही पुरुष दुसऱ्याच्या विस्तवापाशी हात पाठीमागे बांधून उभा राहिल्याशिवाय जेवूच शकत नाही.

"काय उस्ताद, लाकूड कसलं?"

"काटेरी झाडाचंच, साहेब. कोळसा नाही वापरत आपण."

"छान, छान. पण डावीकडे जरा जास्त झालाय बघा निखारा."

"तिकडे बरगड्या आहेत, साहेब."

"असं होय. मग बरोबर."

पोटभर नाक खुपसून तो परत आला. "बरं भाजतो," तो म्हणाला. "पण मीठ उशिरा टाकतो." सगळे हसले. मीही हसले. मला त्या क्षणी खरंच वाटत होतं, आज जमेल. आज चिमटा त्याच्या हातात नाही. वेटर येईल, प्रत्येकाला विचारेल, आणि मग नवऱ्याला निदान उत्सुकता तरी वाटेल, की ही काय मागते बुवा.

पण वेटर आला तो निखाऱ्यांची छोटी शेगडी घेऊनच. फाबियानने सगळ्यांसाठी एकत्र मांस आधीच सांगून ठेवलं होतं. शेगडीवर चोरीसो सॉसेज, बरगड्या आणि मधोमध कुशीच्या मांसाचा लांबलचक तुकडा. वेटरने ती टेबलावर ठेवली, आजूबाजूला एक नजर टाकली आणि काही न विचारता चिमटा ओस्मारच्या पुढ्यात ठेवला. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण असा खुलला की विचारू नका.

"झाली सुट्टी!" तो म्हणाला आणि उभाच राहिला.

सुरुवात पाहुण्यापासून. "बोल रे पोरा, मधला देऊ की बरगडी?"

"काहीही चालेल मला, साहेब."

"काहीही? माझ्या टेबलावर 'काहीही' नावाचा तुकडा नसतो. नीट सांग."

एसेकियेल लाजला. "मग... मधला. जरा लालसर."

"शाब्बास! पोरगं जाणकार आहे, सिल्विना." त्याने अगदी मधला कापला. रस ताटात ओघळला. मग सिल्विनाला विचारलं, तिला बरगडी हवी होती, हाडाला चिकटलेली. फाबियानला विचारलं, त्याला चोरीसो आणि वर मधल्यातला एक पातळ काप. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. या वयात, मांसाच्या तुकड्यासाठी! स्वतःचीच लाज वाटत होती, पण नजर त्या चिमट्यावरून हलेना.

चिमटा टोकाकडे गेला. ओस्मारने माझ्याकडे पाहिलंही नाही. फाबियानशी फुटबॉलचं काहीतरी बोलत बोलत त्याने ते काळं पडलेलं टोक उचललं. "आणि हा आपल्या म्हातारीचा."

मी ताटावर हात आडवा धरला.

"मला हा नको."

"का गं? बरं नाही का वाटत?"

"मला मधला हवा."

सिल्विना खिदळली. "आई! तुला लाल मांसाची किळस येते ना?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? सगळेच. आम्ही लहान होतो तेव्हापासून."

"मी कधी म्हणाले?"

"आई, आज नको ना," फाबियान हळूच म्हणाला. "पाहुणा आहे."

एसेकियेलने तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. "बाई, तुम्ही माझा घ्या. मी अजून हात लावला नाही."

"तू खा रे बाळा. तुला विचारून दिलाय."

ओस्मार अजून चिमट्यात ते टोक धरून उभा होता. तो चिडला नव्हता. अगदी सहज, पाऊस पडेल असं वाटत नाही म्हणावं तसं म्हणाला, "नाही, पोरांनो, तिला कडक नाही आवडत. कधीच नाही आवडलं."

मी ताटावरचा हात काढला.

"तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"मला नाही माहीत असणार? पहिल्याच रविवारी बघितलं की. बापाने तुझ्या ताटात टाकला आणि तू वाइनच्या घोटाबरोबर गिळत होतीस, औषध घेतात तशी. मी आईला म्हटलंसुद्धा. तर आई म्हणाली, 'खाते ना? मग चांगली निघाली पोर.'"

"आणि नंतर?"

"नंतर काय? अगं म्हातारे, टोक असतंच. कुणाच्या तरी ताटात ते जाणारच. पाहुण्याला देऊ? पोरांना देऊ? तसला तुकडा आपल्या माणसालाच देता येतो. परक्याला थोडाच देता येतो?"

"तू घ्यायचास."

तो मोठ्याने हसला. त्याला खरंच विनोद वाटला. "जाळीपाशी उभा राहणारा करपलेलं खातो होय?" आणि मग त्याचे डोळे भरून आले. हे सगळ्यात वाईट झालं. त्याने ते टोक माझ्या ताटात ठेवलं, ग्लास उचलला आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असा बोलला, "या बाईने पंचेचाळीस वर्षं तो तुकडा खाल्ला आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही! अशी बायको दाखवा मला दुसरी! टाळ्या म्हातारीसाठी!"

आमच्याकडे मांस भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. जेवायला बसलं की कुणीतरी ओरडतंच, आणि भाजणारा हात पुसत मान लववतो. खाणारीसाठी टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मुलांनी वाजवल्या. शेजारच्या टेबलांनी वाजवल्या. भट्टीवरच्या जाड्यानेही चिमटा आपटून साथ दिली. सिल्विना तर मला मिठी मारायला उठली.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माहीत होतं. बिचाऱ्याला माहीत होतं. मी त्याला दर रविवारी माफ करत होते ते न कळण्याबद्दल, आणि तो मला दर रविवारी कळून सवरून वाढत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा यांनी माझा गुण करून टाकला.

ओस्मारने स्वतःसाठी मधलाच ठेवला होता. तो बसायच्या आत मी हात लांब करून त्याच्या ताटातला तुकडा काट्याने उचलला आणि खाल्ला. सावकाश. सगळे बघत होते, बघू दे म्हटलं. मऊ होता, गरम होता, जिभेवर नुसतं मीठ आणि रस. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी आता काय त्याचं, फार काही लागणार नाही. पण तो इतका चांगला लागला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघ," ओस्मार मायेने म्हणाला. "मागितला असतास तर दिला असता की गं."

दिला असता, मला शंका नाही. मी तोंड पुसलं, पर्स घेतली आणि उभी राहिले.

"कुठे निघालीस?"

"देलियाकडे."

"आत्ता? अजून गोडातला फ्लान यायचाय." त्याने फाबियानकडे बघून डोळा मारला. "रागावली. बरं जा, चार दिवस समुद्राची हवा खा. पण रविवारच्या आत ये. फाबियानच्या ऑफिसातले लोक जेवायला यायचेत."

"मी येणार नाही, ओस्मार."

"म्हणजे? या रविवारी?"

"कुठल्याच. आता टोक कुणाच्या ताटात टाकायचं ते ठरवून ठेव."

तेव्हा कुठे त्याचं हसू ओसरलं. त्याने आधी फाबियानकडे पाहिलं, मग सिल्विनाकडे. दोघांनीही आपापली ताटं जवळ ओढून घेतली.