तोंडपाठ डोळा

सुनेने पांढरं कार्ड सासूबाईंच्या गालाला टेकवलं आणि कॅमेरा इतका जवळ आणला, की त्याला कार्डाशिवाय दुसरं काही दिसू नये.

"हलू नका हं, आई."

"मी कुठे हलतेय? तुझंच कार्ड थरथरतंय."

थरथरत होतं खरं, आणि त्याचं कारण मागे, रंगांच्या टेबलापाशी, हाताची घडी घालून उभं होतं. सासरे. उभा जन्म खोटे डोळे बनवण्यात घालवलेला माणूस. बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नसे. डोळेवाले म्हटलं की कुणीही दुकान दाखवी. अपघातात, आजारपणात ज्याचा डोळा गेला तो इथे मान खाली घालून येई आणि जाताना आरशासमोरून हलायला तयार नसे. पण वर्षभरापासून सासऱ्यांचा हात कापू लागला होता. डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या केसाएवढ्या लाल शिरा आता त्यांच्याने ओढवत नव्हत्या. मुलाला या धंद्यात काडीचा रस नव्हता. सुनेला होता. ती त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि मग तिने नवी टूम काढली: बुबुळ हाताने रंगवायचं नाही, माणसाच्या चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, त्यातलं बुबुळ छापायचं आणि तेच खोट्या डोळ्यात बसवायचं. सासऱ्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "कर बाई. पण पहिला डोळा घरातल्या माणसाचा. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर प्रयोग नकोत."

घरातलं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. तरुणपणी त्या याच दुकानात डोळा करून घ्यायला आल्या, आणि सासऱ्यांच्या शब्दांत सांगायचं तर, गिऱ्हाईक म्हणून आली ती गेलीच नाही. तेव्हापासून काही काही वर्षांनी सासरे त्यांना नवा डोळा बनवून देत आले होते. आताचा घासून खरखरीत झाला होता आणि पापणीला टोचत होता.

पण सुनेला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. कुठेही जा, सासूबाई उजवी बाजू भिंतीकडे करून बसत. एकदा तिने कारण विचारलं, तर आधी उडवून लावलं, मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "लोक एकदा बघतात, मग परत बघतात. त्या परत बघण्याचा वीट आलाय गं. ह्यांच्याकडे बोलू नकोस." ज्याच्या बायकोचाच डोळा जुळत नाही त्या डोळेवाल्याला हे सांगणार तरी कसं? सून मूग गिळून बसली होती. आजचा फोटो बरोबर आला तर कुणाला काही न सांगता काम फत्ते होईल, अशी तिची आशा.

"पांढरं म्हणजे काय, हे यंत्राला शिकवावं लागतं?" सासऱ्यांनी मागून विचारलं.

"दाखवावं लागतं, बाबा. या दिव्याखाली पांढरं असं दिसतं, हे एकदा दाखवलं की बाकीचे रंग ते बरोबर धरतं. नाहीतर स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवून मोकळं होतं."

"आम्हाला नाही कुणी दाखवलं."

"तुम्हाला कोण दाखवणार?" सासूबाई म्हणाल्या. यात कौतुक होतं की टोमणा, हे कळायला मार्ग नव्हता.

सुनेने कार्डाचा फोटो घेतला, कॅमेऱ्याला हेच पांढरं धर म्हणून सांगितलं, कार्ड बाजूला केलं आणि सासूबाईंच्या चांगल्या, डाव्या डोळ्याचा फोटो काढला. तो संगणकावर मोठा करून लावला. सासरे चष्मा पुसत पुढे आले, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हा कुणाचा डोळा?"

"आईंचा."

"छे. हिचा डोळा मला सांगतेस? हिचं बुबुळ गडद आहे, कडेपर्यंत एकसारखं. इथे कडेला राखी कडं आलंय बघ. आणि हे पांढरं? जुन्या दातासारखं दिसतंय. तुझं कार्ड खराब आहे."

"कार्ड नवंच आहे, बाबा."

"नवं असेल. पांढरं नाही."

त्यांनी खण उघडून एक वाटीसारखा पांढरा तुकडा काढला. दुकानातला प्रत्येक डोळा अशाच कोऱ्या तुकड्यापासून सुरू होई. "याच्याइतकं पांढरं आमच्याकडे दुसरं काही नाही. हे दाखव त्याला."

सुनेच्या मनात आलं, कशाला वाद घाला? संगणकावर एक पट्टी जराशी इकडची तिकडे सरकवली की पिवळेपणा जाईल, बाबा खूश होतील, नवा डोळाही त्यांच्या मनासारखा होईल. आणि आई पुढची कितीतरी वर्षं भिंत शोधत राहतील. तिने तो तुकडा हातात घेतला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्या सरळ बसल्या.

"या वेळी दोन्ही डोळे एकाच फोटोत घे," त्या म्हणाल्या. "होऊन जाऊ दे एकदाचं."

"आई, नको."

"घे म्हणते ना."

सुनेने सासऱ्यांचा पांढरा तुकडा गालापाशी धरला, कॅमेऱ्याला नव्याने पांढरं दाखवलं आणि समोरून फोटो काढला. संगणकावर दोन डोळे शेजारी शेजारी उघडले. उजवा नव्या कपबशीसारखा पांढराफेक, त्यात गडद तपकिरी बुबुळ. डावा मघाचाच: फिकटलेला, कडेला राखी कडं, पांढऱ्यावर पिवळी झाक. दिवा एकच आणि चेहराही एकच. यंत्र चुकलं असतं तर दोन्हीकडे सारखंच चुकलं असतं. हे सासऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"हा मी केलेला."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"तेव्हा तुला खिडकीत बसवलं नव्हतं मी."

"नव्हतं. त्याच्या आधीच्या खेपेलाही नाही. म्हणालात, हिचा डोळा मला तोंडपाठ आहे."

सून चकित झाली. माणसाला खिडकीच्या उजेडात बसवून तासभर न्याहाळल्याशिवाय सासरे ब्रश उचलत नसत. न बघता एक ठिपका दिला म्हणून त्यांनी तिची हजेरी घेतलेली तिला चांगली आठवत होती. आणि घरच्या माणसाचे डोळे ते आठवणीवर बनवत होते.

"मग बोलली का नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"डोळा हातात ठेवताना तुमचा चेहरा असा फुललेला असायचा. कुठल्या तोंडाने सांगणार होते, जुळत नाही म्हणून?" त्यांनी पदर सारखा केला. "आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरंही वाटायचं. म्हटलं, ह्यांना मी अजून तशीच दिसते. मग कळलं, तसं काही नाही. तुम्ही बघतच नाही."

सासऱ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. सुनेला वाटलं, आता हे तडक बाहेर जातील आणि आपला कॅमेरा उद्यापासून कपाटात पडेल. ते वळले, पण दाराकडे गेले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी खिडकीपाशी ओढलं आणि फडक्याने पुसलं.

"ये. बस इथे."

सासूबाई बसल्या. सासऱ्यांनी समोर खुर्ची घेतली, त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघायला लागले. हात कापत होता, तो त्यांनी लपवला नाही. सून रंगांची थाळी, ब्रश आणि तो कोरा तुकडा घेऊन शेजारी उभी राहिली. बुबुळ फोटोवरून छापता येणार होतं. पांढऱ्याची छटा मात्र हातानेच द्यायची होती.

"पिवळा घे," सासरे नजर न काढता म्हणाले. "ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच."

तिने रंग लावून तुकडा सासूबाईंच्या डोळ्याशेजारी धरला.

"आणखी."

"जास्त होईल, बाबा."

"आणखी घे. म्हातारी झालीय ती."

"दिसलं का?" सासूबाई म्हणाल्या आणि हसू लपवायला मान वळवू लागल्या.

"हलू नकोस," सासरे म्हणाले. "अजून बघून झालं नाही."